रोमन लिपीतलं मराठी पुराण

नोकरीसाठी लिस्बनला येऊन दोन वर्षं झाली. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. माझी पोर्तुगीज ‘बोम दिया’, ‘ओब्रिगादो’च्या पुढे सरकलेली नाही. गंगाखेडला आईला मेसेज मराठीत करतो, पण रोमन अक्षरांत.

अशात फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ वाचायला घेतलं. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली याच लिस्बनहून जहाजानं गोव्याला गेला. १६१६ साली त्याचं हजारो ओव्यांचं मराठी पुराण छापून आलं, तेही रोमन लिपीत!

त्यातल्या मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या आपण मराठी भाषा दिनाला फॉरवर्ड करतो आणि तिथंच थांबतो. मला तो पुस्तकातला सोपा भाग वाटतो. खरी मेहनत पुढे आहे. ख्रिस्ती स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो, येशूची गोष्ट ओवीत बसवतो. जनाबाईंच्या गावात वाढलेल्या माझ्या कानाला ती चाल परकी वाटत नाही, ही त्याची कमाई.

पण ही माया निरपेक्ष नव्हती. भाषा शिकायची ती धर्मप्रसारासाठी, आणि पाठीशी पोर्तुगीज सत्ता. त्याच सत्तेनं १६८४ साली गोव्यात स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. हे विसरून त्याला नुसता मराठीप्रेमी ठरवणं म्हणजे अर्धंच वाचन.

तरी एक गोष्ट बोचते. मला इथं कुणाला बदलायचं नाही, म्हणून शिकायचीही गरज वाटली नाही. पुराण राहू द्या, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारच्या आजींना तब्येत विचारण्याइतकी तरी भाषा यायला हवी होती.