वाट किती पाहायची?

जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्सच्या प्रयोगशाळेतून 'अ नोट ऑन डिस्ट्रिब्युटेड कम्प्युटिंग' हा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दूरचा संगणक जवळचाच आहे असे भासवू नका. जवळची डिस्क बिघडली तर ते कळते. दूरचा संगणक मात्र गप्प बसला, तर तो बंद आहे, तार तुटली आहे की तो नुसताच सावकाश आहे, हे कळायला मार्ग नसतो.

उदाहरण लेखकांनी घरचेच घेतले आहे. सनने १९८४ मध्ये तयार केलेल्या एनएफएस पद्धतीत दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखा वापरता येतो. तो संगणक मूक झाला की दोन पर्याय उरतात. 'हार्ड' जोडणीत मागणी अमर्याद काळ पुन्हा पुन्हा केली जाते. 'सॉफ्ट' जोडणीत काही प्रयत्नांनंतर चूक कळवली जाते, पण फाइल अर्धवट राहू शकते.

हे निदान आम्हांला अनुभवाने पटले. आमच्या दोन सर्व्हरांनी एकमेकांचे फोल्डर जोडून घेतले होते. एकदा वीज जाऊन आली, आणि सुरू होताना दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले!

मात्र सारा दोष मूळ आराखड्याला देणे आम्हांला अपुरे वाटते. वाट कोणी व केव्हा पाहायची, हे आपल्याला ठरवता येते. आजच्या लिनक्समध्ये जोडण्यांच्या यादीत 'नोफेल' लिहिले, तर फोल्डर न मिळाला तरी सर्व्हर सुरू होतो. 'ऑटोमाउंट' लिहिले, तर कोणी फोल्डर उघडेपर्यंत जोडणी होतच नाही.

अर्थात वाट पाहणे यामुळे टळत नाही, फक्त पुढे ढकलले जाते. शिवाय एक धोका असतो. जोडणीची जागा म्हणजे आपल्याच डिस्कवरचा एक रिकामा फोल्डर. जोडणीविना प्रोग्रॅम सुरू झाला, तर तो तिथे बिनतक्रार लिहीत राहतो. मागाहून जोडणी झाली की ते लिखाण झाकले जाते आणि माहिती हरवली असे वाटते. म्हणून असा प्रोग्रॅम जोडणी झाल्यावरच सुरू होईल, अशी अट घालावी लागते.

निबंधाचे मोल इथेच कळते. कोणते काम कोणावाचून खरोखर अडते, हा प्रश्न यंत्र स्वतःहून विचारत नाही. तो आपणच आधी विचारायला हवा.