‘मी’ कुणाशी बोलतो?

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्याकडे कविता आली, कथा आली, वैचारिक लेखन तर उदंड आले. या सगळ्याच्या कडेकडेने आणखी एक प्रकार सतत लिहिला गेला, पण समीक्षेने त्याची फारशी दखल घेतली नाही. आठवणी, स्फुटे, सदरे, प्रासंगिक लेख. म्हणजे लेखकाने स्वतःविषयी थोडे थोडे करून वर्षानुवर्षे लिहिलेले गद्य. या लेखनाने आपल्याला काय शिकवले, हे आता विचारायला हवे. ते विचारताना आम्ही एक जुने उर्दू पुस्तक हाताशी घेतो. ते लिहिले गेले महाराष्ट्रातच, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात.

मौलाना अबुल कलाम आझाद यांना ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाली आणि त्यांना या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. सोबत नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी मंडळी होती. तिथे मौलानांनी आपले विद्वान मित्र हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांना पत्रे लिहायला घेतली. पत्रे पाठवायची सोय नव्हती. ती लिहून बाजूला ठेवली जात. सुटकेनंतर, १९४६ साली, ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. गालिबच्या पत्रांना टपाल होते, उत्तरे येत होती. मौलानांची पत्रे कुठेच जाणार नव्हती. तरीही समोर कुणीतरी बसला आहे, अशा रीतीने ती लिहिली आहेत.

याआधी मौलानांना स्वतःविषयी लिहिणे जमले होते, असे म्हणता येत नाही. ‘अल-हिलाल’मधला (१९१२) त्यांचा आवाज मिंबरवरून येणारा. पुढे रांचीच्या नजरकैदेत असताना आत्मचरित्राचा आग्रह झाला, तेव्हा ‘तजकिरा’ सिद्ध झाला. त्यात पूर्वज आहेत, उलेमा आहेत, त्यांनी सोसलेले छळ आहेत. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र मौलानांनी काही पानांत, रूपकाच्या पडद्याआड, विषय आटोपला. खानदान सांगता येते, जमात सांगता येते, ‘मी’ सांगता येत नाही, ही अडचण आपल्या वाचकांना अनोळखी वाटू नये.

किल्ल्यात मात्र काहीतरी सुटले. पहाटे तीन-चारला उठून स्वतःच्या हाताने चहा करणारा माणूस इथे भेटतो. चहा चिनी, ‘व्हाइट जास्मिन’. दूध घालणाऱ्यांविषयी मौलानांचे मत इतके कडक आहे की आपल्यातला कुणीही त्यातून सुटत नाही. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी ते आधी युद्ध पुकारतात, मग हरतात, मग तांदळाचे दाणे टाकून दोस्ती करतात. चिमण्यांना नावे मिळतात: कुणी कलंदर, कुणी मोती, कुणी मुल्ला. आणि इथेच मौलानांची भाषा बदलते. एरवी पावलोपावली फारसी शेर पेरणारे, वाक्याला वाक्य जोडून मनोरा उभारणारे हे गद्य चिमण्यांपाशी आले की जमिनीवर उतरते. (शेरांची गर्दी काही ठिकाणी असह्य होते, हेही सांगितले पाहिजे.)

हे सारे लिहिणारा माणूस त्या वेळी काँग्रेसचा अध्यक्ष होता. बाहेर मुसलमानांचा प्रतिनिधी कोण, यावर देश फाटत चालला होता. त्या प्रश्नाची सावली पुस्तकावर आहे, पण पानापानावर त्याचे उत्तर देण्याचे ओझे मौलानांनी घेतले नाही. चहावर लिहिताना ते फक्त चहावर लिहितात.

आपल्या आत्मपर गद्याकडे वळले की हा फरक डोळ्यांत भरतो. बालपणीच्या ईदवर लेख सुरू होतो, शिरखुर्म्याचा वास येतो, शेजारच्या काकू डबा घेऊन येतात, आणि तिसऱ्या परिच्छेदात लेखक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून साक्ष देऊ लागतो: आम्हीही इथलेच, आमचीही मायबोली मराठीच. ही सवय कुठून आली, ते उघड आहे. ६ डिसेंबर १९९२ आणि त्यानंतरची मुंबई ज्यांनी भोगली, त्यांच्याकडून निवांत ललित गद्याची अपेक्षा करणे निर्दयपणाचे होते. साक्ष देणे तेव्हा भागच होते. पण साक्षीचा एक तोटा असतो. विचारलेल्या प्रश्नापलीकडे साक्षीदार बोलू शकत नाही. मग घरातली बारीकसारीक भांडणे, वडिलांचा विक्षिप्तपणा, बहिणीने न सांगता सोडलेली शाळा, स्वतःच्या श्रद्धेतले चढउतार, हे सगळे बाहेरच राहते. ‘मी’ लिहिले जाते आणि वाचताना ‘आम्ही’ ऐकू येते.

भाषेचेही तेच. ज्या घरात दखनी चालते, जिथे ‘हमना’, ‘तुमना’ असे बोलले जाते, त्या घरातली आई लेखात मात्र सदाशिव पेठेतल्यासारखी बोलते. कोकणातल्या आपल्या लेखकांनी या बाबतीत अधिक धीर दाखवला, असे आमचे मत आहे.

याला छेद देणारे एक पुस्तक म्हणजे मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’. हमीद दलवाईंच्या चळवळीचा दस्तऐवज म्हणून ते बहुधा वाचले जाते. आम्हाला ते महत्त्वाचे वाटते ते निराळ्या कारणाने. त्यात नोकरी करून घर चालवणारी एक बाई आहे, जिला नवऱ्याचे मोठेपण मान्य आहे आणि पैसे कुठून आणायचे हेही बघायचे आहे. ती समाजाची बाजू मांडत नाही, पुरोगाम्यांनाही खूश करत नाही. तिच्यासमोर ऐकणारा कुणीतरी आपला माणूस आहे.

कुणी म्हणेल, मौलानांची मिसाल आपल्याला लागू नाही. ते पिराच्या घराण्यातले, उर्दूचे बादशहा. आपले लेखक बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार घरांतून पहिल्यांदा लिहायला बसलेले. हरकत रास्त आहे. मक्का इथे जन्मलेल्या, सतारीसह ताजमहालात चांदणी रात्र घालवलेल्या माणसाची ऐट गल्लीतल्या पोराने कुठून आणायची? पण ऐट बाजूला ठेवली तरी एक पत्र उरते.

एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या. आजार वाढला तेव्हा सरकारला काही कळवायचे असेल तर कळवा, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले होते. मौलानांनी काहीही मागायचे नाकारले. हे सांगताना त्यांना सहज वीर होता आले असते. पण ते लिहितात ते वेगळेच: त्या दिवसांत आपण जेवणाच्या वेळा पाळल्या, दिनक्रम मोडू दिला नाही, आणि ती शांतता बरीचशी देखाव्याची होती. बेगमविषयी फार थोडी वाक्ये आहेत. इतक्या वर्षांच्या संसाराविषयी इतके कमी का, हा प्रश्न वाचकाला पडतो आणि पडावाच. त्या मौनात मौलानांच्या काळाची पुरुषी अढीही आहे. पण नंतर ते आवारातल्या एका जुन्या कबरीकडे वळतात. आल्यापासून ती शेकडो वेळा पाहिलेली. आता तिच्याविषयी निराळीच आपुलकी वाटू लागली आहे, एवढेच ते नोंदवतात. कबर कुणाची, हे त्यांना ठाऊक नाही.