कर्ता नसलेले वाक्य

हॉटेलातल्या पाटीला वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद निसीम इझिकेल यांनी आपल्यापुरता मिटवून टाकला होता. मुंबईत धोबी तलावावर बस्तानी नावाचे इराण्याचे हॉटेल होते. गिऱ्हाइकाने काय काय करू नये हे सांगणारी एक लांबलचक पाटी तिथे टांगलेली असे. तिच्यावरूनच 'इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स' ही त्यांची इंग्रजी कविता सुचली, असे सांगतात. कवितेत कवीचे स्वतःचे म्हणून फारसे काही नाही. ओळीमागून ओळ नुसती मनाई आहे. तरीही ती वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता तो पाटी लावणारा आपल्याला आवडू लागतो. असे का व्हावे?

मला याचे उत्तर साधे वाटते. त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीमागे एक माणूस बसलेला आहे. गिऱ्हाइकांनी त्याला वर्षानुवर्षे छळले आहे, आणि प्रत्येक छळाची नोंद म्हणून पाटीवर एकेक ओळ वाढली आहे. पुणेरी पाटीचेही तेच. तिच्यातले 'मिळणार नाही' उर्मट असेल, पण ते बेवारशी नसते. त्याचा धनी गल्ल्यावर बसलेला असतो. त्याच्याशी भांडता येते. आणि ज्याच्याशी भांडता येते त्याचे मन कधीमधी वळवताही येते. गेली अनेक वर्षे नियमित येणाऱ्या म्हाताऱ्याला तोच मालक पाटीकडे पाठ करून हवे ते देतो.

आता दुसऱ्या एका नकाराकडे वळतो. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात – तोंडात अजून नगरच येते – हमरस्त्यांच्या कडेला झटपट खाण्याची चकचकीत दुकाने आली आहेत. मागे आईला घेऊन शिर्डीहून परतताना अशाच एका दुकानात शिरलो. दुकानाचे नाव महत्त्वाचे नाही. आईची सत्तरी उलटलेली, थंड पदार्थाने तिच्या दाढा ठणकतात. तिथल्या ठरावीक जोडीत, म्हणजे 'कॉम्बो'त, थंड पेय होते. त्याऐवजी चहा द्या, वरचे पैसे घ्या, असे मी म्हणालो. चहाचे यंत्र समोर दिसत होते. गल्ल्यावरचा टोपीवाला मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. तो ओशाळून म्हणाला, "सर, सिस्टीम घेत नाही."

"अरे, पण तू तर घेशील ना?"

"कॉम्बोत बदल होत नाही, सर."

मी आणखी काही बोलणार तोच आई म्हणाली, "राहू दे रे बाबा. त्याच्या हातात असतं तर त्यानं दिला नसता का?"

माझी विद्वत्ता शाळेच्या व्याकरणापुरतीच आहे. पण ती इथे उपयोगी पडते. 'सिस्टीम घेत नाही' या वाक्याला कर्ता आहे, पण त्या कर्त्याला ना कान, ना तोंड. 'बदल होत नाही' यात तर पाऊस पडत नाही म्हणावे तसे, कोणी काही करीतच नाही. जे आहे ते आपोआप तसे आहे. 'मी देत नाही' किंवा 'मालक देऊ देत नाहीत' ही त्याच अर्थाची खरी वाक्ये. ती त्या मुलाला बोलायची नसतात. निबंधात स्वतःचे वाक्य लिहिणारा हा मुलगा. त्याला आता दिवसभर पुरतील अशी आठदहा वाक्ये दिलेली आहेत, आणि त्यांतल्या एकातही 'मी' नाही.

ही रीत कुठून आली ते पाहिले पाहिजे. रिचर्ड आणि मॉरिस मॅक्डोनाल्ड या भावांनी १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावी आपले हॉटेल नव्याने मांडले. पदार्थ नऊवर आणले, ताटल्या नि काटेचमचे काढून टाकले, आणि प्रत्येक हॅम्बर्गरमध्ये तोच कांदा, तेच सॉस, तेच लोणचे घालायचे ठरवले. एकाच्या आवडीसाठी थांबायचे नाही, म्हणून सगळ्यांचे लवकर होई. किंमत पंधरा सेंटांवर आली, आणि कष्टकरी कुटुंबाला बाहेर जेवणे परवडू लागले. हा लाभ लहान नाही, आणि तो नाकारून केलेली टीका पोटभरल्या माणसाची टीका ठरेल. पुढे १९७४ साली बर्गर किंगने याच ताठरपणावर बोट ठेवून, गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे करून देऊ अशी जाहिरात केली. म्हणजे ही अडचण गिऱ्हाइकांइतकीच धंदेवाल्यांनाही दिसत होती.

मात्र नियम वाकूच शकत नाही, हे मला पटत नाही. १९९६ साली मॅक्डोनाल्ड्सने भारतात दुकाने उघडली ती गोमांस वगळून, आणि शाकाहारी पदार्थ निराळे करण्याची व्यवस्था ठेवून. कोट्यवधी गिऱ्हाइकांसाठी नियम असा वाकतो, आणि तो वाकवणारी माणसे कुठेतरी वर बसलेली असतात. वाकवण्याचा अधिकार तेवढा गल्ल्यापर्यंत उतरत नाही. ताठरपणा यंत्रात नसतो; तो अधिकाराच्या वाटपात असतो.

या नकाराचे गाजलेले चित्रण बॉब राफेलसन यांच्या 'फाइव्ह इझी पीसेस' या १९७० सालच्या अमेरिकन चित्रपटात आहे. नायकाची भूमिका जॅक निकल्सनची. त्याला ऑम्लेटबरोबर टोस्ट हवा असतो. नुसता टोस्ट देण्याचा तिथे नियम नाही. मग तो कोंबडीचे सँडविच मागवतो, आणि त्यातले लोणी, पाला, कोंबडी सगळे वगळायला सांगतो. शेवटी टेबलावरचे ग्लास हाताने उडवून देतो. प्रेक्षक या प्रसंगावर खूश असतात. दिग्दर्शक मात्र त्यांच्याहून शहाणा आहे. पुढे मोटारीतली सहप्रवासी बाई नायकाची वाहवा करते, तेव्हा तो कबूल करतो की टोस्ट काही मिळाला नाहीच. इथपर्यंत चित्रपट खरा आहे. पण तो नायकाबरोबर मोटारीत बसून निघून जातो. फुटलेल्या काचा गोळा करायला मागे कोण राहिले? ज्या वाढणारीने नियम केला नव्हता, तीच. राग तिच्या वाट्याला आला. नियम करणाऱ्याला त्याची झळ लागली नाही. कादंबरीकार म्हणून मला तिच्याबरोबर मागे थांबावेसे वाटते.

माझी तक्रार निवड नसल्याची आहे, असे कोणी समजू नये. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. गावोगावच्या घरांतून भाकरी येते, आमटी कढयांतून शिजते, आणि दुसरे काही मागण्याचा प्रश्नच नसतो. तिथे कोणी अपमान मानून उठत नाही. कारण वाढणारा तुमच्या तोंडाकडे पाहतो. दात नसलेल्या म्हातारीच्या भाकरीवर तो आमटी जरा जास्त ओततो, पोराला कमी तिखट बाजूची देतो. यासाठी त्याला कोणाला विचारावे लागत नाही. पदार्थ एकच, नियम एकच, पण वाढणाऱ्या हाताला अक्कल चालवण्याची मुभा आहे. निवड नसतानाही माणूस राहू शकतो, आणि फळ्यावर पन्नास पदार्थ असूनही तो नाहीसा होऊ शकतो.

मराठी कथेने हॉटेलातल्या पोऱ्याला ओळख दिली. त्याचे फडके, त्याची कपबशी, मालकाची शिवी, सगळे तिने टिपले. त्या पोऱ्याला निदान शिवी देणारा मालक तरी समोर होता. आजच्या टोपीवाल्या मुलाला शिवी कोणी देत नाही; त्याला कोरा शर्ट आहे, हसण्याची सूचना आहे, आणि बोलण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली वाक्ये आहेत. त्याची कथा लिहायची तर ती या वाक्यांत लिहिता येणार नाही. 'सर, मला द्यावासा वाटतो, पण मला देऊ देत नाहीत' हे जे वाक्य त्याच्या ओठांवर येऊन परत गेले, तिथून ती सुरू करावी लागेल. ते वाक्य शोधणे हे माझ्या दोन्ही धंद्यांचे काम आहे, असे मी मानतो.