73 टक्क्यांचं पुस्तक, 26 टक्क्यांचं इंजिन

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एक जुना प्रस्ताव चिकित्सकपणे वाचून बघा. रुडॉल्फ डीझेलने 1893 मध्ये एक जर्मन पुस्तिका छापली. तिच्या शीर्षकाचा साधारण अर्थ ‘तर्कशुद्ध उष्णता-इंजिनाचा सिद्धांत आणि रचना’. वाफेच्या इंजिनाची आणि तेव्हाच्या सगळ्या ज्वलन-इंजिनांची जागा आपलं इंजिन घेईल, हा दावा त्या शीर्षकातच आहे. पुस्तिका प्राध्यापकांना पटावी आणि कारखानदारांनी पैसे घालावेत, असा दुहेरी हेतू तिच्यामागे होता.

तिचा खरा जोर आहे तिच्या प्रश्नात. वाफेची इंजिनं तेव्हा कोळशातल्या उष्णतेचा बहुतेक भाग वाया घालवत. मग उष्णता नेमकी जाते कुठे? डीझेल थेट कार्नोच्या आदर्श चक्राकडे जातो. नुसती हवा प्रचंड दाबायची, त्या दाबानेच ती तापवायची आणि मग इंधन इतकं हळूहळू सोडायचं की जळताना तापमान वाढूच नये. यालाच समतापी ज्वलन म्हणतात. वरचं तापमान सुमारे 800 अंश सेल्सियस, खालचं 20 धरलं, तर 1 वजा 293 भागिले 1073, म्हणजे जवळजवळ 73 टक्के. गणित बरोबर आहे, स्वतः करून बघा.

मग चूक कुठे आहे? कार्यक्षमता म्हणजे दिलेल्या उष्णतेपैकी किती कामात आली, एवढंच. एका फेऱ्यात एकूण काम किती निघालं, हे ती सांगत नाही. डीझेलच्या चक्राला 250 वातावरणांचा दाब लागत होता. एक सोपं, मनाने घेतलेलं उदाहरण बघू. हवा दाबायला 90 एकक काम खर्च झालं आणि प्रसरणात 100 परत मिळालं. हाती उरले 10. घर्षणाने तेवढेच 10 खाल्ले तर? कागदावरची कार्यक्षमता तशीच राहते, पण इंजिन फक्त स्वतःलाच फिरवत बसतं. पुस्तिकेत घर्षणाचा हा हिशोब फार हलक्या हाताने केलेला आहे, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

कारखानदारांना याची शंका आली होती. आउग्सबर्गच्या कारखान्याने आधी नकार दिला. कमी दाबावरही काम भागेल असं डीझेलने कळवल्यावरच ते चाचणीला तयार झाले. पुढे क्रुपही सामील झाले. 1893 च्या उन्हाळ्यापर्यंत डीझेलच्या स्वतःच्याच ध्यानात आलं की समतापी ज्वलनाने चालणार नाही. नोव्हेंबरमध्ये त्याने बदललेल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्जही केला. पण जाहीरपणे तो जुन्या सिद्धांताचंच नाव घेत राहिला. 1913 मध्ये ल्युडर्स नावाच्या प्राध्यापकाने पुस्तकच लिहिलं: पेटंटमधलं इंजिन आणि चालणारं इंजिन एक नाहीत! हा घाव बसला, कारण त्याला जागा डीझेलनेच ठेवली होती.

तरी ल्युडर्सची बाजू मला अर्धीच पटते. 17 फेब्रुवारी 1897 ला म्युनिकच्या प्रा. श्रोटर यांनी इंजिनाची चाचणी घेतली. कार्यक्षमता भरली 26.2 टक्के. वचन होतं त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा, पण तेव्हाच्या कुठल्याही उष्णता-इंजिनापेक्षा जास्त. ध्येय तेच राहिलं, दाबून तापलेल्या हवेत इंधन पेटवण्याची कल्पनाही टिकली. टाकून द्यावा लागला तो ज्वलनाचा नियम.

तुम्ही यातून काय घ्यावं? इंधन वाचवणाऱ्या इंजिनाचा प्रस्ताव समोर आला, तर टक्केवारीवर थांबू नका. तीन गोष्टी विचारा. एक, ही टक्केवारी आदर्श चक्राची, सिलिंडरमधल्या कामाची, की घर्षण वजा जाता फिरत्या दांड्यावर मोजलेली? दोन, ती कुठल्या भारावर मिळाली? तीन, मोजलं कोणी? श्रोटर यांनी 1893 मध्ये पुस्तिकेला अनुकूल मत दिलं होतं, पण आज आपण भरवसा ठेवतो तो त्यांच्या 1897 च्या मोजणीवर.

आणि प्रस्ताव तुमचाच असेल, तर गृहीतक बदललं त्याच दिवशी गाइडला आणि पैसे देणाऱ्याला लेखी कळवा. 73 चे 26 झाले म्हणून कोणी तुम्हाला खोटं ठरवणार नाही. 26 हातात असताना 73 चीच भाषा चालू ठेवलीत, तर मात्र खुशाल ठरवतील.