बियाण्याची कणगी

शाळेच्या संगणकावर लिनक्स कसे बसवावे, याची अमरावती-अकोल्याकडची काही टिपणे आमच्या पाहण्यात आली. सर्वांत एकच मंत्र: हार्ड डिस्कचे पाच भाग करा, स्वॅप रॅमच्या दुप्पट ठेवा. का, ते कुठेच नाही. रॅम १६ मेगाबाइट असे तेव्हा दुप्पट म्हणजे ३२. आज ८ गिगाबाइटसाठी १६ अडवायचे? हायबरनेट करायचे नसेल तर ४ पुरतात.

वऱ्हाडी घरात ज्वारीची कणगी ओसंडते आणि तुरीची रिकामी असते, असे व्हायचेच. जास्त भाग केले की डिस्कचेही तेच होते, आणि मग भिंती सरकवणे जिकिरीचे. बियाण्याची कणगी मात्र वेगळीच हवी. नेमके तिच्याविषयी टिपणे गप्प आहेत! ‘होम’ हा तो भाग; मुलांचे काम तिथे असते. एका शाळेत तो वेगळा नव्हता. सिस्टिम नव्याने बसवताना नववीच्या मुलांनी वर्षभर केलेल्या पावसाच्या नोंदी पुसल्या गेल्या.

५०० गिगाबाइटच्या डिस्कवर आम्ही रूटला ५०, स्वॅपला ४ आणि उरलेली जागा होमला देऊ. यूईएफआय यंत्राला बूटसाठी अर्धा गिगाबाइट वेगळा लागतो. शिवाय होमची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. डिस्कच बिघडली तर सगळ्या कणग्या एकदम जातात.