परतलेल्या मुलांचे घर
एका इंग्रजी अद्भुत लघुकादंबरीच्या वाचनाविषयी

मुलांच्या अद्भुतकथांचा एक ठराविक रूपबंध आहे. मूल एखाद्या बिळातून, वादळातून किंवा कपाटातून दुसऱ्या जगात जाते, तेथे पराक्रम करते आणि शेवटी सुखरूप घरी येते. लुईस कॅरॉलची ॲलिस (१८६५) जागी होते आणि चहाला जाते. फ्रँक बॉमची डोरोथी (१९००) कॅन्ससमधल्या मावशीच्या कुशीत परतते. सी. एस. लुईस यांच्या नार्निया-मालिकेतील पहिल्या पुस्तकात (१९५०) चार भावंडे दुसऱ्या जगात वर्षानुवर्षे राज्य करतात, प्रौढ होतात आणि कपाटातून बाहेर पडताच पुन्हा शाळकरी पोरे होतात. इथे लेखक पडदा पाडतो. पण काल जो राजा होता, त्याला आज पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसताना काय वाटले असेल, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतोच. शॉनन मॅग्वायर या अमेरिकन लेखिकेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या 'एव्हरी हार्ट अ डोअरवे' या लघुकादंबरीची सुरुवात नेमकी या प्रश्नापासून होते.

कथानक थोडक्यात असे. एलिनॉर वेस्ट नावाच्या वृद्ध बाई एक निवासी शाळा चालवतात. अद्भुत जगातून परत आलेली आणि या जगात रुळू न शकणारी मुले तेथे राहतात. पालकांना वाटते की ही शाळा मुलांना 'बरे' करील. बाईंना मात्र ठाऊक आहे की मुले आजारी नाहीत. त्या स्वतः लहानपणी अशाच एका जगात जाऊन आलेल्या आहेत. नॅन्सी ही नवी विद्यार्थिनी मृतांच्या लोकातून आली आहे. तेथे तिने पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याची विद्या साध्य केली आणि त्या स्तब्धतेतच तिला शांती लाभली. मृतांच्या राजाने केसांतून बोटे फिरवली, तेव्हापासून तिच्या पांढऱ्या केसांत काळ्या रेघा आहेत. तिला काळे-पांढरे कपडेच हवेत. आईवडिलांनी मात्र तिने भरलेले कपडे काढून पेटीत रंगीबेरंगी कपडे घातले आहेत, कारण त्यांना त्यांची जुनी, हसरी मुलगी परत हवी आहे. शाळेत तिला बडबडी सुमी भेटते, मृदू स्वभावाचा केड भेटतो, आणि जॅक व जिल या जुळ्या बहिणी भेटतात. पुढे शाळेत एकामागून एक खून होऊ लागतात.

या पुस्तकाला वाचकांनी भरभरून प्रतिसाद दिला. लघुकादंबरी या प्रकारातील ह्यूगो, नेब्युला आणि लोकस हे तिन्ही मानाचे पुरस्कार त्याला मिळाले. लेखिकेने पुढे त्याची मालिकाच लिहिली आणि २०२२ साली त्या मालिकेला स्वतंत्र ह्यूगो पुरस्कार मिळाला. परदेशी वाचकांच्या अभिप्रायांत एक सूर सतत ऐकू येतो, तो म्हणजे 'यात आम्ही आहोत' हा. नॅन्सीला कोणाविषयीही शारीरिक आकर्षण वाटत नाही, हे लेखिका कसलाही गाजावाजा न करता सांगते. केड मुलगी म्हणून वाढवला गेला, पण तो मुलगा आहे. हे उघड होताच त्याला परीलोकाने हाकलले आणि घरानेही नाकारले. ज्यांना आपल्या घरातच परके वाटत आले, त्यांना हे पुस्तक आपले वाटले, आणि हे त्याचे खरे यश आहे.

तक्रारीही आहेत आणि त्या निराधार नाहीत. पहिली तक्रार लांबीची. पावणेदोनशेच्या आत-बाहेर पानांत इतकी मुले आणि इतकी जगे येतात की प्रत्येकाचे केवळ ओझरते दर्शन होते. तर्काची जगे आणि निरर्थाची जगे, पुण्याची जगे आणि दुष्टाव्याची जगे असा एक नकाशा लेखिका मांडते. परंतु वाचकाला त्यांपैकी कोठेही नेत नाही. दुसरी तक्रार रहस्याची. खुनी कोण हे सराईत वाचकाला लवकर कळते. आमच्या मते यात आणखी एक उणीव आहे. खुनाचा तपास सुरू होताच परतलेल्या मुलांच्या दुःखाचा विषय मागे पडतो. सुमीसारखी जिवंत व्यक्तिरेखा लेखिका फार लवकर गमावते, आणि तिच्या मृत्यूचा शोक करायला पात्रांना जेमतेम एक-दोन पाने मिळतात. खुनामागचा हेतू मात्र विषयाशी सुसंगत आहे. जिलला तिच्या जगाचे दार पुन्हा उघडायचे आहे आणि त्यासाठी ती इतर मुलींच्या देहांचे उत्तमांश गोळा करते आहे. परतण्याची ओढ माणसाला कोठवर नेऊ शकते, याचे ते भयंकर टोक आहे.

शाहपुरात आमच्या वाचकमंडळींपैकी तिघा-चौघांनी हे पुस्तक इंग्रजीतून वाचले. इतरांना आम्ही त्याचे कथानक दोन बैठकांत मराठीतून सांगितले. चर्चा अपेक्षेपेक्षा रंगली आणि तिच्यात सरळ दोन तट पडले. एका निवृत्त शिक्षकांनी आईवडिलांची बाजू घेतली. त्यांचे म्हणणे असे की, पोटची मुलगी नाहीशी होते, पळवली गेली असे समजून आईबाप झुरतात, आणि ती परत येते ती मृतांच्या दरबाराच्या गोष्टी सांगत. अशा वेळी ते गोंधळले तर त्यांना खलनायक का ठरवावे? महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने त्यांना तत्काळ उत्तर दिले, "काका, त्यांनी तिला विचारलंच नाही, तू कुठे होतीस म्हणून. कपडे तेवढे बदलले." या सर्वांहून वेगळी प्रतिक्रिया मंडळातील सर्वांत ज्येष्ठ काकूंची होती. नॅन्सी फार थोडे खाते हे ऐकल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "तिकडे काय जेवत होतीस, असं कोणी विचारलं का त्या पोरीला?"

काकूंच्या या प्रश्नात समीक्षेचे अर्धे काम झाले, असे आम्हांस वाटते. शिक्षकांचा आक्षेप पूर्णतः चुकीचा नाही. पालकांच्या दुःखाला लेखिका फारशी जागा देत नाही आणि त्यामुळे ते एकरंगी होतात, हा दोष मान्य करावा लागतो. परंतु नॅन्सीच्या पालकांचे प्रेम खोटे आहे, असे लेखिका कोठेही म्हणत नाही. तिचा मुद्दा असा की ते प्रेम मुलीच्या एका जुन्या छायाचित्रावर आहे. समोर उभी असलेली मुलगी त्यांना त्या छायाचित्रातला डाग वाटते. परतणे म्हणजे पूर्ववत होणे, अशी त्यांची समजूत आहे, आणि पुस्तकातला सारा संघर्ष या समजुतीतून जन्मतो.

ही समजूत आपल्या परंपरेत इतकी घट्ट आहे काय, याचा विचार करताना आम्हांस नागपंचमीची कहाणी आठवली. पाठभेद आहेत, पण गाभा एकच. माहेरी कोणी नसलेली धाकटी सून सणाच्या दिवशी कष्टी होते. नागाला दया येते. तो मनुष्यरूपाने येऊन तिला नेतो आणि वारुळातून पाताळातल्या आपल्या घरी पोहोचवतो. तेथे नागीण बाळंत होत असता हिच्या हातात दिवा असतो. वळवळती पिल्ले पाहून ती भिते, दिवा पडतो आणि पिल्लांची शेपटे भाजतात. पुढे तिला सासरी पोहोचवले जाते. पिल्ले मोठी होतात आणि सूड घेण्यासाठी तिच्या घरी येतात. पाहतात तो ती पाटावर नागांची चित्रे काढून, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवून आपल्या भावांचे कल्याण मागते आहे. त्यांचा राग विरघळतो. ती रात्री तेथेच राहतात आणि जाताना तिच्यासाठी नवरत्नांचा हार ठेवतात.

मॅग्वायरबाईंच्या मुलांप्रमाणेच ही सूनही दुसऱ्या जगात जाऊन आलेली आहे. तीही पूर्वीसारखी परतत नाही. तिच्या हातून तेथे अपराध घडला आहे, तेथे तिचे भाऊ आहेत, आणि ते जग तिचा माग काढत तिच्या उंबऱ्यापर्यंत येते. फरक इतकाच की तिच्या घरात त्या जगाला जागा आहे. ती पाटावर त्याचे चित्र काढते आणि घरातले कोणी ते पुसत नाही. नॅन्सीच्या घरी असा पाट नाही. तिने त्या लोकाचे नाव काढले की तिच्याकडे आजारी म्हणून पाहिले जाते. कहाणी 'सुफळ संपूर्ण' होते ती सून घरी परतली म्हणून नव्हे. परतल्यावर तिने जे आठवले, ते आठवण्याची तिला मुभा होती म्हणून.

दुसरे उदाहरण जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोहोचतात जेथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत. परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचे एक फाटके पान असते. पुरावा हाती असल्यामुळे त्यांचा शास्त्रज्ञ मित्र त्यांचे ऐकतो आणि त्याची उपपत्ती शोधू लागतो. नॅन्सीचा पुरावा तिच्या केसांत आहे, पण तो वाचायला कोणी तयार नाही. प्रौढ विद्वानाला मिळालेला कान मुलीला मिळत नाही, ही गोष्ट या दोन कथा शेजारी ठेवल्यावर लख्ख दिसते.

पानिपताचे नाव निघाले म्हणून आपल्याकडे वळतो. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर निजामाकडून बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले. पुढे शिंद्यांचा अंमल झाला, मग इंग्रजांचा. आपल्यापैकी कोणाचे पूर्वज लष्कराबरोबर आले, कोणाचे कारकुनीसाठी, कोणाचे तापीकाठच्या काळ्या जमिनीसाठी. आपण निमाडात राहिलो आणि देशाकडे, कोकणाकडे बोट दाखवून 'आपले मूळ तिकडचे' असे सांगत आलो. त्यामुळे दुसऱ्या जगाची ओढ म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना समजावून सांगावे लागू नये. पण जेव्हा आपलीच मुलगी पुण्याला जाते, तेथे तिच्या मराठीला हिंदी वळण आहे म्हणून हसतात, आणि चार वर्षांनी ती तिसरीच भाषा, तिसराच पोशाख आणि वेगळी मते घेऊन घरी येते, तेव्हा आपण काय करतो? बहुतेक घरांत पहिले वाक्य असते, "अगं, किती बदललीस!" ते कौतुकाने म्हटलेले नसते. आपणही तिची पेटी उघडून कपडे बदलत असतो. दूरच्या, कधी न पाहिलेल्या गावाची आठवण जपण्याचा हक्क आपण स्वतःला देतो; आणि जी प्रत्यक्ष एखाद्या जगात राहून आली, तिला मात्र विसरायला सांगतो. या पुस्तकाने आम्हांला सर्वांत बोचरे जर काही दाखवले असेल तर ही विसंगती.

मॅग्वायरबाईंच्या जगात अशी दुसरीही शाळा आहे, जेथे विसरू इच्छिणारी मुले जातात. लेखिका त्या शाळेची निंदा करीत नाही. काही जगे क्रूर असतात आणि त्यांचा विसर पडणे हाच उपचार असतो. हा समतोल आम्हांस महत्त्वाचा वाटला. आठवावे की विसरावे हे परतलेल्याने ठरवायचे आहे. घराने फक्त विचारायचे आहे.

राहता राहिला शेवट. सुमीने लिहून ठेवलेली एक चिठ्ठी नॅन्सीला सापडते; तिची गोष्ट दुसऱ्या कोणी संपवायची नाही, असा तिचा आशय आहे. त्यानंतर नॅन्सीला तिचे दार दिसते आणि ती निघून जाते. अनेक वाचकांना हा शेवट आनंदाचा वाटला. आमच्या मंडळातील तरुणांनाही वाटला. आमचे मत वेगळे आहे. नॅन्सीचे जाणे खरे आहे, पण ते कोणाचा तरी पराभवही आहे, आणि लेखिकेने त्या पराभवाकडे पुरेसे पाहिलेले नाही. ज्या घरी रंगीत कपड्यांची पेटी भरली गेली, त्या घरात आता एक रिकामी खोली उरली. आईवडिलांनी तिला दोनदा गमावले, आणि दुसऱ्या वेळी त्यांच्या स्वतःच्या हातून. एक प्रकरण त्या खोलीवर लिहिले असते, तर पालकांवर अन्याय झाला ही शिक्षकांची तक्रार उरली नसती आणि पुस्तक अधिक उंच गेले असते.

तरीही दोष वजा जाता जे उरते ते मोलाचे आहे. रहस्यकथा म्हणून ही लघुकादंबरी मध्यम आहे. परतलेल्यांच्या एकाकीपणाचे चित्रण म्हणून ती अस्सल आहे. इंग्रजी वाचणाऱ्या नातवंडांनी ती वाचावी आणि आजी-आजोबांना मराठीतून सांगावी, अशी आमची शिफारस आहे. सांगून झाल्यावर आजी-आजोबांनी पुस्तकाविषयी नव्हे, तर सांगणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा, तोच काकूंनी विचारलेला: तिकडे काय जेवत होतास?