माध्यमांतर आणि वाचकाचा अपेक्षाभंग : ‘फास्टर फेणे’च्या निमित्ताने

आवडत्या साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की वाचक नाराज होतो, हे विधान सरसकट खरे मानता येत नाही. परळच्या राजकमल कलामंदिराने १९४३ मध्ये ‘शकुंतला’ हा चित्रपट काढला आणि तो मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात १०४ आठवडे चालला. दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी महाभारतातील आख्यानात नाही. ती कालिदासाची भर. म्हणजे व्ही. शांताराम यांच्या हाती कथा आली तेव्हाच तिची दोन रूपे परिचित होती. तिसरे रूप पाहताना प्रेक्षकाला आपले काही हिरावले गेल्याचे वाटण्याचे कारण नव्हते.

भा. रा. भागवत यांच्या बनेश फेणेमागे अशी परंपरा नाही. तो एकाच लेखकाचा, आणि बहुतेकांना शाळकरी वयात, एकट्याने वाचताना भेटलेला. राम वाईरकर यांच्या चित्रांनी त्याचा चेहराही ठरवून टाकला होता. साहजिकच आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ (२०१७) पाहताना जुन्या वाचकाला पहिली ठेच लागते ती नायकाच्या वयाची. अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका परीक्षार्थीच्या मृत्यूच्या शोधात गुंततो. दूरदर्शन मालिकेत किशोरवयीन सुमीत राघवन यांनी हीच भूमिका केली, तेव्हा हे अंतर एवढे जाणवले नव्हते.

मात्र वयाची तक्रार वरवरची आहे. भागवतांच्या कथेत संकट कितीही मोठे असो, ते सायकलवरच्या मुलाच्या आवाक्यात येते. गिरीश कुलकर्णी यांचा अप्पा प्रभावी खलनायक आहे, परंतु तो प्रौढांच्या जगातला. त्याच्यासमोर ‘ट्टॉक्’ ही केवळ आठवणीची खूण उरते. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेले भागवतही जुन्या वाचकासाठीच पडद्यावर येतात. (लेखकालाच पात्र करून त्याची संमती मिळवण्याची ही युक्ती चतुर खरीच.)

मूळ कृती बदलली, एवढा आक्षेप पुरेसा नाही. भागवतांनी स्वतः ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठी मुलांपर्यंत आणल्या; पण भाषा बदलली तरी त्यांच्या डोळ्यांसमोरचा वाचक दहा-बारा वर्षांचाच राहिला. २०१७ च्या चित्रपटाने नायकाला जुन्या वाचकांबरोबर वाढवले. ज्या मुलाला फेणे प्रथमच भेटायचा होता, त्याला पडद्यावर त्याच्या वयाचा फेणे मिळाला नाही. नाराज प्रौढांच्या तक्रारीत या मुलाचा उल्लेख क्वचितच आढळतो.